साहेबाला पाणी घालू नका

एसटी आमच्या गावात यायची नाही. फाट्यापर्यंत चालत जावं लागायचं, आणि त्या दिवशी माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आई माझ्यापुढं झपाझप चालली होती. मी एकोणीस वर्षांचा घोडा, आयटीआय पास, पिंपरीच्या कंपनीत लागलेला, आणि पेटी आईच्या डोक्यावर! मागितली तर देईना. "तुला आता जन्मभर उचलायचंच हाय," म्हणाली. सन पासष्ट होतं. भूमच्या पलीकडचं आमचं गाव, आजूबाजूला नुसती काळी ढेकळं आणि बांधाबांधांवर निवडुंग.

वडील मी लहान असतानाच गेलेले. शेत चुलते बघायचे, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. घरात आई आणि मी, दोघंच. त्यामुळं फाट्यावर बसची वाट बघताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, खोली मिळाली की तुला न्यायला येतो." आई पदरानं घाम पुसत म्हणाली, "न्यायला येऊ नको. यायचं तवा माझी मी येईन." मग लांबून बसचा धुरळा दिसला तशी घाईघाईनं आणखी एक सांगितलं, "आन् दारात आलेल्याला पाण्याबिगर लावून देऊ नको. कुणी का असंना."

हे दुसरं सांगणं मी इमानेइतबारे पाळलं आणि त्यापायी एका झाडाचा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. पहिलं सांगणं मात्र कळायला मला पुढची आठ-नऊ वर्षं लागली. आता हे लिहायला बसलोय ते तात्यांच्या नातवासाठी. बाळू त्याचं नाव. भोसरीला नवाच कामाला लागलाय आणि दर गुरुवारी घरी येऊन एकच विचारतो, "काका, आईला कधी आणू?" तोंडानं सांगायला गेलो की मी फाटे फोडतो, असं माझ्या बायकोचं मत आहे. म्हणून लिहितोय. गावाकडं राहिलेल्यांनी वाचलं तरी चालेल आणि माझ्यासारखं पेटी घेऊन आलेल्यांनी वाचलं तर उत्तमच.

तर पहिली खोली रहाटणीला. तेव्हा तिथं शेतं, गोठे आणि चार घरं. शेवंताबाई म्हणून घरमालकीण होत्या, त्यांच्या गोठ्याला लागून एक खोली होती, ती आम्ही तिघांनी मिळून घेतली. मी, मालवणकडचा परब आणि साताऱ्याचा जगताप. तिघं एकाच कंपनीत, पण तीन वेगवेगळ्या शिफ्टला. एक कामावर, एक घोरत पडलेला आणि एक स्टोव्हला पिन मारत बसलेला, असा आमचा संसार. तिघांची तोंडं एकत्र दिसायची ती गुरुवारी, कारण इकडं कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. मी "जायलोय", "करायलोय" म्हणालो की परब पोट धरून हसायचा. त्याचं स्वतःचं निम्मं बोलणं नाकातून यायचं, पण ते त्याला ऐकू येत नसावं.

मला नवल वाटलं ते पाण्याचं. शेवंताबाईंच्या विहिरीत पोरं उड्या मारत होती. विहिरीत, पाण्यात, उड्या! आमच्याकडं उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन कोसभर जायच्या आणि तळाचं पाणी वाटीनं भरायच्या. त्या पोरांचा मला पहिले काही दिवस रागच यायचा. मी आपला तांब्याभर पाण्यात हातपाय, तोंड, सगळं उरकायचो आणि उरलेलं शेवंताबाईंच्या तुळशीला घालायचो.

कंपनीत मशीन बसवायला एक जर्मन साहेब आलेले होते, वेबर नावाचे. उंच, लालबुंद, हाताला सदा ग्रीस. त्यांच्या टेबलाशेजारच्या खिडकीत एका पांढऱ्या मगात झाड असायचं. झाड कसलं, चेंडू! गोल, हिरवा, अंगभर सोनेरी काटे, ना पान ना फांदी. ते त्यांनी बोटीतून घरनं आणलं होतं म्हणे. दिवाळीच्या आधी साहेब काही महिन्यांसाठी मायदेशी निघाले आणि जाताना तो मग माझ्या हातात दिला. परत येईपर्यंत सांभाळ, म्हणाले. मलाच का दिला, ते मला आजही माहीत नाही. बहुतेक त्या वेळी मीच समोर उभा होतो.

साहेबांचं इंग्रजी मोडकं आणि माझंही मोडकं, त्यामुळं आमचं छान जमायचं. त्यांनी बोटाच्या टोकावर अंगठा टेकवून दाखवलं, पाणी एवढंच. मग महिन्यातून एकदा, असं सांगितलं. मग तर्जनी हलवून, जास्त नाही, जास्त नाही. मला सगळं कळलं. पण पटलं नाही. पाणी नको म्हणणारा जीव मी जन्मात बघितला नव्हता. आमच्याकडं पाहुणा एकदा "नको नको" म्हणतोच, आपण आग्रह करायचा असतो, ही रीत. परक्या मुलखातून आलेलं झाड, संकोच करत असणार. मी खोलीवर आलो आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर त्याला फुलपात्रभर पाणी पाजलं.

झाडाचं नाव आम्ही "साहेब" ठेवलं. साहेबाला खिडकीतली जागा दिली. दिवसपाळी करून आलो की हातपाय धुवून मी आधी साहेबाला पाणी घालायचो, आईला शब्द दिला होता ना! माझ्या पश्चात काय चाललंय याची मला काय कल्पना? गुरुवार आला. दुपारी जेवणं झाली आणि मी तांब्या घेऊन खिडकीकडं निघालो. बघतो तर परब त्याचा पेला घेऊन तिथंच. मागून जगताप कळशीच घेऊन आलेला.

"तू कशाला?" मी विचारलं.

"म्हणजे? रोज मीच घालतो," परब म्हणाला. "तुम्ही दोघं बघत नाही म्हणून. सुकून मेला असता तो."

"अरे, रात्रपाळीवरनं आलो की झोपायच्या आधी मी घालतोय," जगताप म्हणाला. "मला वाटलं तुमचं लक्षच न्हाई."

म्हणजे कंपनी तीन शिफ्टमध्ये चालायची आणि साहेबाला पाणीही तीन शिफ्टमध्ये! मी बोट लावून बघितलं. बुडाशी चेंडू मऊ पडला होता, पिकलेल्या चिकूसारखा, आणि वास यायला लागला होता. मग आमची जी जुंपली म्हणता! परब म्हणे तुझं झाड, तुझी जबाबदारी. मी म्हणे तू कोकणी, तुला प्रत्येक गोष्ट पाण्यात बुडवायची सवय. आवाज ऐकून शेवंताबाई आल्या. त्यांनी पहिल्या दिवसापासून त्या झाडावर डूख धरला होता.

"म्हनलं व्हतं का न्हाई? घरात काटं ठिवलं की भांडणं लागत्यात. आमी न्हाई ठिवत." असं म्हणून त्यांनी तो मग उचलला आणि सरळ गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावला. वर काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. माझ्या भरवशावर ठेवलेली ती पहिली गोष्ट होती, आणि तिला मी प्यायला घालघालून मारलं होतं.

उन्हाळा आला. पत्रा असा तापायचा की कावळासुद्धा वर टेकायचा नाही. मे महिन्यात वेबर साहेब परत आले आणि कंपनीत पाय ठेवल्या ठेवल्या माझ्याकडं येऊन म्हणाले, "माझं झाड?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. उद्या आणतो म्हणालो. उद्या काय आणणार, कपाळ! त्या संध्याकाळी मी जगतापला पत्र्यावर चढवला. निदान काटे तरी सापडतील, साहेबांना दाखवू, माफी मागू, असा माझा विचार. जगताप वर गेला आणि तिथंच वाकून बसला.

"अरे, काय झालं?"

"भावा," तो वरून ओरडला, "साहेब बाळंत झालाय!"

फुटलेल्या मगाशेजारी आडवा पडलेला चेंडू, निम्मा आक्रसलेला, बुडाशी खरखरीत वाळून गेलेला, पण वर हिरवागार. आणि कुशीला लिंबाएवढं एक पिल्लू. इतके महिने त्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. शेवंताबाई डोळे मोठे करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आगं बया, चिवट हाय की मेलं!" मग त्यांनीच लोणच्याची एक रिकामी बरणी दिली, बुडाला भोक पडलेली. साहेबांना मी खरं काय ते सगळं सांगितलं, तीन शिफ्टसकट. ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. पिल्लू तेवढं रुमालात गुंडाळून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मोठं माझ्याकडंच राहू दिलं. "आता तुला येतं," म्हणाले.

गावाकडं गेलो तेव्हा ही हकिकत मी पारावर मोठ्या हौसेनं सांगितली. सगळं ऐकून घेऊन तात्या म्हणाले, "म्हंजे तू पुण्याच्या बाजूला जाऊन निवडुंग पाळायलास? आरं, मग बांधावरचे काय वाईट होते?" सगळा पार हसला. आईसुद्धा दारात उभी राहून हसली. मी संधी साधून विचारलं, "येतीस का बघायला?" तर म्हणाली, "म्हैस गाभण हाय."

पुढं माझं लग्न झालं. सुमन बार्शीकडची, तिखट जिभेची, पण माझ्यासारख्याला तशीच हवी होती. कामगार वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या, घरात नळ! साहेब बरणीतून कुंडीत गेला आणि रस्त्याकडच्या खिडकीत बसला. मी दर वर्षी गावी जायचो आणि दर वर्षी आईला म्हणायचो, चल. कधी ज्वारी काढायची असायची, कधी वाकळ शिवायची असायची, कधी शेजारणीची लेक बाळंतपणाला आलेली असायची. आई तिथं आणि मी इथं नळाखाली बसलोय, हे मला खायला उठायचं. घर झालं, बायको आली, मुलगी झाली, तरी मला आपण खोलीवरच राहतोय असं वाटायचं. आई आली की ते घर होईल, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी गावी गेलो तर घराला कडी. आई खडीच्या कामावर गेलेली. सगळं गाव रस्त्याकडेला ओळीनं बसून दगड फोडत होतं आणि त्या ओळीत माझी आई, हाताला चिंध्या बांधलेल्या. मी म्हणालो, अगं, तुझा मुलगा कंपनीत कायम आहे, तुला काय कमी आहे? तर म्हणाली, "सगळं गाव येतंय. म्या काय पाव्हणी हाय का?" तिथंच दगडांच्या ढिगावर बसून मी रडलो, अगदी लहान पोरासारखा, गावादेखत. आईनं हातोडी खाली ठेवली. "रडायलास कशाला? चल. पाऊस पडंस्तोवर येते."

असं मी तिला आणलं. न्यायला येऊ नको म्हणाली होती, तरी आणलं.

घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा नळ बघितला. सुमननं तो सोडला तशी आई ओरडली, "बंद कर, बंद कर!" मग खिडकीतलं झाड बघितलं. "हाच का तुझा साहेब? ह्याला पाणी कोण घालतं?"

"कुणी नाही," मी ऐटीत म्हणालो. "महिन्यातून एकदा, थोडंसं."

"मग बरं हाय त्याचं," आई म्हणाली.

मी हसलो. मला वाटलं ती झाडाबद्दलच बोलतेय.

मी आईला काडी इकडची तिकडं करू दिली नाही. तिनं झाडू घेतला की मी काढून घ्यायचो. भांड्यांना हात लावला की सुमनला हाक मारायचो. कॉट तिची, जाड गादी तिची, सकाळी टॉनिक, दुपारी फळं, संध्याकाळी दूध. शेजारी राहायला आलेला परब आणि त्याची बायको येता-जाता पेज, खीर, काही ना काही आणून द्यायचे. जगताप सुट्टीला यायचा तो केळ्यांचा घड घेऊन. सगळ्यांना तिची माया. आणि आई दिवसेंदिवस उतरत चालली. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. दगड फोडून जी ताठ बसायची, तिला आता उठताना आधार लागायला लागला. डॉक्टर म्हणाले काही नाही झालेलं. मी विचारलं, आई, काय होतंय सांग ना! तर म्हणाली, "काय व्हतंय? काय बी व्हऊ देत न्हाईत तुमी, ह्येच."

मी घाबरलो. आणखी भारी टॉनिक आणलं. बाटली फोडून चमच्यात ओततोय, तोच सुमन पोळपाट बाजूला सारून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, तुम्ही आत्याबाईंना तीन शिफ्टमध्ये पाणी घालायलात!"

चमचा हातातच राहिला. खिडकीत साहेब बसला होता, टुणटुणीत, आणि कॉटवर आई. मला एकदम पत्र्यावरचा तो फुटल्याचा आवाज आठवला. परब दारात वाटी घेऊन उभा होता, त्यालाही कळलं असावं. तो आला तसा वाटी घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आईकडं बघायचं नाही असं ठरवलं. फार अवघड काम, बरं का! ती उठायला लागली की माझे हात आपोआप पुढं जायचे आणि सुमन चिमटा काढायची. पहिल्या दिवशी आईनं नुसतं नळाखाली पातेलं ठेवलं, थेंब वाया जाऊ नये म्हणून. मग घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायला लागली. नळ उद्या पुन्हा येतो यावर तिचा काही केल्या विश्वास बसला नाही, आणि आम्हीही तो बसवायला गेलो नाही. मग भाकऱ्या तिच्याकडं गेल्या. रेशनच्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, कसल्या भाकऱ्या होणार, पण तिच्या व्हायच्या. वसाहतीतल्या एकट्या पोरांना कळलं, ती दारात यायला लागली. आई त्यांना आधी पाणी द्यायची, मग गाव विचारायची, मग भाकरी. कुणी जास्त लाडात आलं की हाकलायची. एकादशीला सुमन आणि शेजारणींबरोबर चालत देहूला जाऊन आली आणि रात्री सुमनचेच पाय दुखतात का विचारत बसली.

पुढच्या पावसाळ्यात तात्यांचा निरोप आला, पाऊस झाला. आईनं त्याच दिवशी गाठोडं बांधलं. राहा, म्हणायला मी तोंड उघडलं, सुमनकडं बघितलं, मिटलं. स्वारगेटला तिला बसमध्ये बसवून दिलं. परत कधी येशील, तेही विचारलं नाही. बस गेल्यावर मात्र तिथल्या नळावर जाऊन तोंड धुतलं, दोनदा.

रब्बीची ज्वारी निघून गेली असेल, त्या सुमाराची गोष्ट. मी फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी आलो. दारात धुळीनं भरलेल्या ओळखीच्या चपला. आत आई बसलेली, शेजारी नव्या ज्वारीचं गाठोडं, आणि पुढ्यात कागद पसरून साहेबाला कुंडीतून उपसून काढलेला. भूम, बार्शी, पुणे, मग शहराची बस, सगळं एकटीनं! अक्षर वाचता येत नाही तिला.

"आई, अगं, कळवायचं तरी! न्यायला आलो असतो."

"म्हणूनच न्हाई कळवलं."

तिनं दुसरी पिशवी उपडी केली. खडखड आवाज करत मुरूम पडला. आमच्या बांधावरचा, निवडुंगाखालचा. "तुझ्या हितल्या मातीत पाणी साचून राहतंय. मऊ पडंल एखाद दिवशी. ह्यो मुरूम घाल, मग कुणी पाणी घातलं तरी काय व्हत न्हाई." कंडक्टरनं विचारलं होतं म्हणे, आजी, पिशवीत दगडं भरलीत काय? "म्या म्हणलं, व्हय."

"पण घर कसं सापडलं तुला?" मी विचारलं. वसाहतीत सगळ्या चाळी सारख्या, सगळी दारं हिरवी. मी स्वतः झोपेच्या तंद्रीत परबाच्या घरात शिरलोय.

आई साहेबाभोवती मुरूम दाबत होती, काटे लागत होते तरी. "काटा कुठल्या खिडकीत हाय, ते बघत आले."

तेव्हापासून ती पेरणीला जाते आणि तिला वाटेल तेव्हा येते. आम्ही विचारत नाही. साहेब आता केवढा थोरला झालाय, त्याची पिल्लं परबाकडं गेली, जगतापाकडं गेली, पुऱ्या चाळीच्या खिडक्यांत बसली. रिक्षावाल्याला काट्याची चाळ म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. मला विचाराल तर घर त्या दुपारी झालं, ती आपल्या पायानं आली त्या दुपारी. तिला मी उचलून आणलं होतं तेव्हा नव्हतं झालं.

म्हणून बाळू, आईला आणायला जाऊ नकोस. एक पिल्लू काढून ठेवलंय तुझ्यासाठी, गुरुवारी येशील तेव्हा घेऊन जा. खिडकीत ठेव, रस्त्यावरून दिसेल असं, आणि पाणी घालू नकोस.